सायकलला ॲक्सेसरीज नीट का बसत नाहीत? ऑर्डर करण्याआधी काय मोजायचं?

गेल्या दिवाळीत पुण्याहून औशाला निघण्याआधीच मी घरच्या पत्त्यावर सहा वस्तू मागवून ठेवल्या होत्या. काकांच्या सायकलसाठी पुढचा एलईडी लाइट, मागचा लाल लाइट आणि मोबाइल होल्डर. चुलत बहिणीच्या सायकलसाठी कॅरिअर, मडगार्डची जोडी आणि पुढची बास्केट. सहाही वस्तूंच्या पानावर एकच वाक्य होतं, 'सर्व सायकलींना बसते'. प्रत्यक्षात पहिल्या फटक्यात बसली ती फक्त एक, मागचा लाल लाइट. तोही रबरी पट्टीने बांधायचा होता म्हणून. आणि काकांनी दुधाच्या कॅन टांगल्या की तोही दिसेनासा झाला.

हसण्यावारी नेता येईल, पण गोष्ट तेवढी साधी नाही. काका रोज पहाटे सहा किलोमीटरवरच्या गावातून दूध घेऊन औशात येतात. हिवाळ्यात तेव्हा मिट्ट काळोख असतो आणि त्याच दिवसांत उसाचा हंगाम चालू असतो. मागे दिवा नसलेल्या, रस्ता व्यापून चाललेल्या ट्रॉल्या आमच्याकडे कुणालाही विचारा. बहीण दहावीला आहे. तिची ट्यूशन सकाळी सहाची. म्हणजे घरातली दोन माणसं रोज अंधारात सायकलवर. लाइट हा शोभेचा प्रकार नाही.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. सुट्टीचे चार दिवस पाना-पक्कड घेऊन अंगणात बसलो, मग हार मानून बसस्थानकाजवळच्या सायकल दुकानात गेलो. तिथले चाचा आमच्या तीन पिढ्यांची पंक्चर काढत आलेत. त्यांनी माझ्या पिशवीतला माल बघितला आणि म्हणाले, "समदे ऑनलाइन घेतेत अन् मग माझ्याकडं येतेत. अरे बाळा, वस्तू खराब न्हाई. ती ज्या सायकलीसाठी बनली ती सायकल तुझ्याकडं न्हाई."

त्या वाक्यामागे काय काय दडलंय, ते या लेखात सांगतो.

पोर्ट एक, केबल दुसरी

आमच्या कामात दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी कसं बोलायचं हे आधी लिहून ठरवतात. त्याला इंटरफेस म्हणतात. मोबाइलमध्ये हेच काम चार्जिंगचं पोर्ट करतं. पूर्वी प्रत्येक कंपनीची पिन वेगळी होती. मग मायक्रो-यूएसबी आलं, मग यूएसबी-सी. युरोपियन युनियनने तर २८ डिसेंबर २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचंच केलं.

सायकललाही पोर्ट असतात, फक्त ते पोर्टसारखे दिसत नाहीत. हँडलच्या नळीची जाडी हे एक पोर्ट. मागच्या एक्सलची लांबी आणि त्याचे आटे हे दुसरं. चाकाचा व्यास, फ्रेमवरची बोल्टची भोकं, फोर्क आणि टायर यांच्यामधली फट, हीसुद्धा पोर्टच. यातली काही जगभर ठरलेली आहेत. उदाहरणार्थ पाण्याच्या बाटलीचा स्टँड. फ्रेमवरच्या दोन भोकांत ६४ मिलिमीटर अंतर आणि ५ मिलिमीटरचा बोल्ट. जपानची सायकल आणि लुधियानाचा बाटली-स्टँड, काही फरक पडत नाही, बसतोच.

गंमत अशी की सायकलवरची सगळ्यात नीट ठरलेली जागा ही बाटलीची आहे, आणि काकांच्या सायकलला नेमकी तीच नाही. तिथे ओझं, दिवा, स्टँड, मडगार्ड यांची गरज, आणि या सगळ्यांच्या बाबतीत 'जमेल तसं बसवा' हाच नियम.

दोन घराणी

आपल्याकडच्या रस्त्यावर मुख्यतः दोन घराण्यांच्या सायकली दिसतात.

पहिलं घराणं काळ्या सायकलीचं. मूळ नमुना इंग्लंडचा, नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीसारख्यांनी जगभर पोचवलेला. स्वातंत्र्यानंतर तो इथे बनू लागला. सोनीपतची ॲटलस १९५१ची, लुधियानाची हिरो १९५६ची. सळईचे ब्रेक, २८ इंची चाकं, लोखंडी कॅरिअर, दुहेरी स्टँड, चेन कव्हर. या सायकलीचा ढाचा तेव्हापासून जवळपास तसाच आहे. ती कारखान्यातून पूर्ण सजून येते, त्यामुळे नंतर कुणी आणखी काही लावेल असा विचार बनवणाऱ्याने केलेलाच नाही. अपवाद एकच, हँडलखाली हेडच्या नटाला अडकवलेली दिव्याची पट्टी. तीही डायनामोच्या गोल दिव्यासाठी.

दुसरं घराणं 'गिअरच्या सायकली'चं. तिचा जन्म १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत झाला, डोंगरउतारावरून जुन्या सायकली सोडणाऱ्या पोरांच्या खेळातून. त्यांना मडगार्ड नको होतं, कॅरिअर नको होतं, स्टँड तर नकोच. पुढे तिला सस्पेन्शन आलं, जाड टायर आले, डिस्क ब्रेक आले. आपल्या बाजारात आलं ते तिचं रूप. औशाची दहावीची पोरगी डोंगर उतरायला जात नाही. ती दप्तर, डबा आणि कधी चक्कीवरचं दळण घेऊन जाते. म्हणजे वापर काळ्या सायकलीचा आणि शरीर डोंगरातल्या सायकलीचं. अडचणीची सुरुवात इथून होते.

एक सांगतो, मला गिअरच्या सायकलींचा राग नाही. मीही दहावीत तीच मागितली होती. पण पुढच्या सस्पेन्शनचे पैसे वाचवून त्या पैशांत कॅरिअरची चार भोकं आणि एक चांगला दिवा दिला असता तर निम्मा लेख लिहावा लागला नसता.

हँडलवर जागाच नाही

मोबाइल होल्डरपासून सुरू करू, कारण हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांना तोच हवा असणार.

सरळ हँडलची नळी मुठीपाशी २२.२ मिलिमीटर जाड असते. मधोमध, जिथे ती स्टेममध्ये बसते तिथे, ती जुन्या पद्धतीत २५.४ आणि नव्या सायकलींत ३१.८ मिलिमीटर असते. या दोन्हींच्या मध्ये नळी निमुळती होत जाते. होल्डर बऱ्याचदा या निमुळत्या भागावरच लावला जातो आणि म्हणूनच खड्ड्यात गेल्यावर तो फिरतो. क्लॅम्पची एक कड घट्ट आणि दुसरी हवेत. पॅकिंगमध्ये आलेल्या रबरी चकत्या फेकून देऊ नका, त्या याच कामासाठी असतात.

काकांच्या सायकलीची तऱ्हा वेगळी. सळईच्या ब्रेकमध्ये हँडलला समांतर अशी दुसरी सळई खालून गेलेली असते, तिचेच टोक वळून ब्रेकची मूठ होते. तिला धरणारे कडेही हँडलवरच. उरलेल्या नळीला बाक. म्हणजे क्लॅम्प लावायला जाल तर तो एक तर ब्रेकची सळई आवळतो, नाहीतर बाकावरून घसरतो. मी पहिल्या दिवशी होल्डर लावला आणि पुढचा ब्रेक दाबून बघितला, तर मूठ हलेचना. हे अंगणात कळलं म्हणून बरं झालं. क्लॅम्पचा कुठलाही प्रकार लावल्यावर सायकल उभी ठेवून दोन्ही ब्रेक दाबून बघा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. याला अर्धा मिनिट लागतो.

चाचांनी यावर जे केलं त्याला आम्ही सॉफ्टवेअरवाले ॲडॉप्टर म्हणतो. जुन्या हँडलचा वीतभर तुकडा कापला आणि तो दिव्याच्या पट्टीला आडवा बोल्टने कसला. झाली २२ मिलिमीटरची सरळ नळी. तिच्यावर नवा एलईडी लाइट बसला आणि होल्डरलाही जागा झाली. खर्च चहाचा.

होल्डरबद्दल आणखी एक. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना बजावलं होतं की मोटारसायकलच्या ताकदवान इंजिनाच्या थरथरीमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. सायकलला इंजिन नाही, त्यामुळे धोका कमी. पण कॅमेऱ्याची ती बारीक यंत्रणा बऱ्याच चांगल्या फोनमध्ये असते आणि आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. रबराची गादी असलेला होल्डर घ्या, आणि नकाशा लागत नसेल तेव्हा फोन खिशातच ठेवा. काकांनी तर फोन होल्डरला लावायला साफ नकार दिला. ते तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवतात. मी वाद घातला नाही.

एका एक्सलवर पाच जणांचा संसार

सगळ्यात मोठी चूक मागच्या चाकापाशी आहे, आणि ती वर्षानुवर्षं तशीच चालू आहे.

काळ्या सायकलीचं मागचं चाक एका एक्सलवर उभं असतं आणि दोन्ही बाजूंना नट. त्या एक्सलवर काय काय अडकवलेलं असतं ते मोजा. आधी फ्रेमचं टोक. मग मडगार्डची तार. मग कॅरिअरचा पाय. मग स्टँडची पट्टी. मग वायसर आणि शेवटी नट. बऱ्याचदा चेन ताणायची कडीही त्यातच. प्रत्येक पट्टीची जाडी दोन-तीन मिलिमीटर धरली तरी एक्सलचे बाहेर आलेले आटे संपत येतात. मग तुम्ही जाड पायाचं नवं कॅरिअर आणता आणि नट अर्ध्या आट्यांवरच थांबतो. घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण असतो अर्धाच. ४० किलो वजन घेऊन खड्ड्यात आदळला की आटे जातात.

त्यामुळे साधी खूण लक्षात ठेवा, नट पूर्ण कसल्यावर एक्सलचं टोक नटाच्या तोंडाशी आलेलं किंवा थोडं बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. आत बुडालेलं दिसलं तर तो सांधा विश्वासाचा नाही. लांब एक्सल मिळतो आणि स्वस्त असतो, तो बदला.

मात्र एक्सल बदलतानाही सापळा आहे. जुन्या इंग्लिश पद्धतीचा मागचा एक्सल ३/८ इंच, म्हणजे साधारण ९.५ मिलिमीटर, एका इंचात २६ आटे. गिअरच्या सायकलीचा १० मिलिमीटर आणि प्रत्येक आटा १ मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला २५.४ आटे. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. एकाचा नट दुसऱ्यावर दोन वेढे जातोही, मग अडकतो, आपण जोर लावतो आणि दोघांचेही आटे खलास. नट हाताने शेवटपर्यंत फिरला तरच तो त्या एक्सलचा. पाना फक्त शेवटच्या कसणीसाठी.

दुसरा त्रास रचनेचाच. या सायकलीत चेन सैल झाली की चाक मागे ओढून ताणतात. पण चाक मागे गेलं की त्याच एक्सलवर अडकलेलं मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँडही मागे ओढले जातात. मडगार्ड टायरला घासायला लागतं, कॅरिअर वाकडं होतं. पंक्चर झालं तर चाक काढायला सगळा संसार उस्कटायचा. आपल्याकडचे मिस्त्री चाक न काढताच टायरची एक कड उचलून ट्यूब बाहेर घेतात आणि पंक्चर काढतात, ती हौस नाही. तो या रचनेवर काढलेला तोडगा आहे. लहानपणी मला ते कौशल्य वाटायचं. आता वाटतं, ते पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेलं बग-फिक्स आहे.

उपाय फार अवघड नव्हता. फ्रेमच्या टोकाला एक्सलपासून वेगळी दोन छोटी भोकं, एक मडगार्डचं आणि एक कॅरिअरचं. चांगल्या प्रवासी सायकलींना ती असतात. बहिणीच्या सायकलीला प्रत्येक बाजूला एकच आहे. म्हणजे मडगार्ड लावा किंवा कॅरिअर लावा. दोन्ही हवं असेल तर लांब बोल्ट घालून एकावर एक. आणि बोल्ट जितका लांब बाहेर येतो तितका त्याच्यावर वाकवणारा जोर वाढतो.

२८ हा २९ पेक्षा मोठा

आता मडगार्डची फजिती. मी '२६ ते २९ इंच' लिहिलेली जोडी मागवली होती. बहिणीची सायकल २६ची, मग अडचण काय?

अडचण अशी की सायकलच्या चाकाचे इंच हे आकार सांगत नाहीत, नाव सांगतात. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो, उदाहरणार्थ ४०-६३५. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हा खरा आकडा. काळ्या सायकलीचं २८ × १½ म्हणजे ६३५. गिअरच्या सायकलीचं २९ म्हणजे ६२२. बघा, २८चं रिम २९पेक्षा मोठं निघालं! २६च्या नावाखाली तर डोंगरातल्या सायकलीचं ५५९ आहे आणि २६ × १⅜ चं ५९० आहे. एकाचं टायर दुसऱ्यावर चढत नाही. २७.५ म्हणजे ५८४.

बहिणीच्या टायरवर ५४-५५९ होतं, आणि माझ्या मडगार्डची रुंदी ४५ मिलिमीटर. टायरच मडगार्डपेक्षा रुंद. त्यात पुढच्या सस्पेन्शन फोर्कला खाली मडगार्डच्या तारेसाठी भोकच नाही. जोडी परत पाठवली आणि प्लास्टिकची छोटी, चिमट्यांनी अडकवायची घेतली. पावसात पाठीवर चिखल कमी उडतो, पायांवर उडतोच.

ओझं

२०१६चा उन्हाळा लातूरकरांना वेगळा सांगायला नको. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. त्या सुट्टीत मी घरी होतो आणि काकांच्या याच सायकलीवरून पाणी आणत होतो. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना २०-२० लिटरच्या कॅन, म्हणजे ४० किलो. तिसरी मांडून वर ठेवली की पुढचं चाक हलकं व्हायचं आणि हँडल हातात नाचायचं. एका दुपारी कॅरिअरचा डावा पाय वेल्डपाशी सुटला. मला फार लागलं नाही. ४० लिटर पाणी मात्र रस्त्याने प्यायलं, आणि त्या वर्षी ते गुडघ्यापेक्षा जास्त लागलं.

यातून जे कळतं ते असं. वजन जितकं खाली आणि जितकं एक्सलच्या वर किंवा पुढे, तितकी सायकल सरळ चालते. दूधवाले कॅन बाजूंना टांगतात ते याचसाठी. एक्सलच्या मागे गेलेला प्रत्येक किलो पुढचं चाक उचलतो. आणि कॅरिअरवर छापलेला आकडा वाचा. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच ॲल्युमिनियम कॅरिअरवर २५ किलोची मर्यादा असते. नुसती सीटच्या दांडीला आवळायची कॅरिअरं त्याहून बरीच कमी घेतात आणि वळणावर एका बाजूला फिरतात. ती दप्तरापुरती. माणूस बसवण्यासाठी तर नाहीतच.

ओझ्यासाठीच सायकल बनवायची ठरवली तर कशी बनते, त्याचं एक उदाहरण आहे. २००५ साली सुरू झालेल्या वर्ल्ड बायसिकल रिलीफ या संस्थेची 'बफेलो' सायकल आफ्रिकेतल्या खेड्यांत चालते. तिचं मागचं कॅरिअर १०० किलोसाठी बनवलेलं आहे. म्हणजे हे जमत नाही असं नाही. आधी वापरणाऱ्याला विचारावं लागतं, एवढंच.

बहिणीच्या सायकलीवर कॅरिअर बसवताना वेगळीच भानगड झाली. डिस्क ब्रेकचा कॅलिपर मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला, नेमका कॅरिअरच्या पायाच्या वाटेत. साइड स्टँडचीही जागा डावीकडेच. तिघांना एकाच कोपऱ्यात राहायचंय. डिस्क ब्रेकसाठी बनवलेलं कॅरिअर वेगळं येतं, त्याचे पाय बाहेरून वळसा घेतात. ते शोधताना वर्णनात 'डिस्क' शब्द आहे का ते बघा. आमच्याकडे परतीची मुदत चालू होती, तरी चाचांनी ते जुनंच बसवून दिलं. फ्रेमच्या मागच्या दोन तिरप्या नळ्यांना पट्टीचे गोल क्लॅम्प, आत जुन्या ट्यूबचं रबर, आणि कॅरिअरचे पाय त्यांना. रबर विसरू नका, नाहीतर क्लॅम्प रंग खरवडतो आणि गंज धरतो. वर निक्षून सांगितलं, "दप्तर ठेव. मैत्रिणीला बशिवलंस तर मला सांगायचं न्हाई."

बास्केटबद्दल थोडक्यात. पुढची मोठी बास्केट नुसत्या हँडलवर टांगायची नसते. तिला खालून आधार लागतो, दोन पाय पुढच्या एक्सलपर्यंत. जपानमधल्या घरगुती सायकलींत असाच असतो. पण सस्पेन्शन फोर्कमध्ये एक्सल खालीवर होतो आणि हँडल जागेवर राहतं. पाय लावले तर पहिल्याच खड्ड्यात वाकतील. त्यामुळे सस्पेन्शन असेल तर मोठी बास्केट विसरा.

ओढणी

मोटारसायकलला साडी गार्ड लागतंच, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागच्या बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. सायकल मोटार वाहन नाही, तिला हा नियम लागू नाही. जुन्या लेडीज सायकलींना चेन पूर्ण झाकणारं कव्हर आणि मागच्या चाकावर जाळी असायची. गिअरच्या सायकलीला पूर्ण कव्हर बसत नाही, कारण चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकते. उघड्या चेनमध्ये सलवार आणि उघड्या तारांत ओढणी. बहिणीने स्वतःच मार्ग काढला, ओढणी दप्तरात आणि सलवारीला रबर. पण हे तिला का करावं लागावं? शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी म्हणून सायकल विकता, तर कॅरिअरसोबत एक जाळी द्यायला काय हरकत आहे?

डायनामोवर मोबाइल चार्ज होतो का?

हा प्रश्न येणारच. काळ्या सायकलीचा बाटलीसारखा डायनामो ६ व्होल्ट, ३ वॉटचा. त्यातून येते ती एसी वीज, आणि वेगाबरोबर ती बदलते. दिवा काढून नुसती वायर उघडी ठेवली तर जोरात चालवताना व्होल्टेज ६च्या कितीतरी वर जातं. ते थेट यूएसबीला जोडलं तर चार्जर तरी जाईल किंवा फोन तरी. मध्ये एसीचं डीसी करणारं आणि ५ व्होल्टवर धरून ठेवणारं सर्किट लागतं. ते बनवता येतं, मी कॉलेजात बनवलंही होतं. पण ३ वॉटमध्ये फोन मुंगीच्या पावलांनी भरतो आणि पायांना चढ लागल्यासारखं वाटतं. पॉवर बँक घ्या. पहाटेच्या दिव्यासाठी मात्र यूएसबीवर चार्ज होणारा लाइट उत्तम. थांबलात तरी तो चालू राहतो, डायनामोचा विझतो.

ऑर्डर करण्याआधी

फोन काढा आणि सायकलीचे चार फोटो घ्या, टायरवरचा आकडा, हँडलचा मधला भाग, मागचा एक्सल दोन्ही बाजूंनी आणि पुढचा फोर्क खालून. विकणाऱ्याला प्रश्न विचारताना हेच फोटो पाठवा. नळीची जाडी मोजायला व्हर्निअर नसेल तर कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळा, लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. ७० मिलिमीटर आली तर नळी २२.२ची, ८० आली तर २५.४ची, १०० आली तर ३१.८ची. टायर आणि फोर्क यांच्यातली फट बोटाने बघा. करंगळी जात नसेल तर मडगार्ड जाणार नाही. 'सर्व सायकलींना बसते' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ विकणाऱ्याने एकही सायकल मोजलेली नाही असा घ्या. आणि दुकान गावात असेल तर सायकल घेऊनच जा. दहावीस रुपये जास्त जातील, पण बसवून मिळेल.

काकांचा मागचा लाल लाइट शेवटी कॅनच्या मागे, मडगार्डच्या टोकाला गेला. जुना फुटका रिफ्लेक्टर काढला, त्याच्याच भोकात बोल्ट घालून चाचांनी लाइटसाठी पत्र्याची पट्टी दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम उठून रस्त्यावर उभा राहिलो. दोन कॅनच्या मधून लुकलुकणारा तो ठिपका वळणापर्यंत दिसत होता.

बास्केट परत पाठवायची मुदत तोवर संपली होती. आता आई तिच्यात कांदे ठेवते.